माझा नळदुर्ग दुसऱ्याच्या डब्यात

प्रश्न : नमस्कार ताई, मी उमरग्याचा, नोकरी शिक्षकाची आणि नाद लेगोसारख्या, एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा. पोरीसाठी सेट आणले होते आणि मीच त्याच्यात अडकलो. दोन पावसाळे नळदुर्गला चकरा मारून बोरी नदीवरचा बांध, पाणीमहाल, नर-मादी धबधबे सगळं बघून, फोटो काढून, अंदाजाने मोजून दोन हजारावर तुकड्यांचं मॉडेल केलं. धबधब्याला पारदर्शक निळे तुकडे कमी पडले तर सहा महिने थांबलो पण दुसरा रंग लावला नाही. मग कॉम्प्युटरवर एकेक पायरी दाखवणारी पीडीएफ केली, ४०० रुपयाला ठेवली, ३१ जणांनी घेतली. दिवाळीच्या आधी मित्राने लिंक पाठवली, एक ऑनलाइन दुकानदार तेच मॉडेल ठोकळ्यांसकट डब्यात भरून विकतोय आणि फोटो माझाच! माझ्या घरची शहाबादी फरशी दिसतेय त्यात, कोपऱ्यात पोरीच्या फ्रॉकची कड पण आहे. मेसेज केले, उत्तर नाही. इथले लोक म्हणतात ठोकळे कंपनीचे, किल्ला सरकारचा, तुझं काय त्यात? बायको म्हणते सोडा आता. मला रात्री झोप नाही. खरंच माझं काहीच नाही का? आणि पुढचं मॉडेल लोकांना दाखवू का नको?
— एक वाचक, उमरगा

उत्तर : दादा, पत्र वाचून मलाही राग आला. दोन पावसाळे नदीकाठी उभं राहिलेल्या माणसाला झोप लागणार तरी कशी.

आधी ते "तुझं काय त्यात" बघू. किल्ला तुमचा नाही हे खरंय, उद्या औशाच्या कुणी स्वतः नळदुर्गला जाऊन, बघून, स्वतःच्या डोक्याने वेगळा पाणीमहाल रचला तर त्याला तुम्ही अडवू शकत नाही आणि अडवूही नये. ठोकळाही तुमचा नाही, पण तो आता कुणा एकाचा राहिलेलाच नाही. लेगोने डेन्मार्कमधे २८ जानेवारी १९५८ ला त्याच्या पेटंटचा अर्ज केला, पेटंटची मुदत केव्हाच संपली, मग आकाराच्या हक्कासाठी कंपनी भांडली तर २००५ ला कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने आणि २०१० ला युरोपच्या कोर्टाने नाही म्हणलं, कारण वरच्या त्या गुठळ्या एकमेकांत बसण्यासाठी आहेत, ते कामाचं अंग झालं. म्हणून जुळणारे ठोकळे दुसरं कुणी आपल्या नावाने विकलं तर तेवढ्याने गुन्हा होत नाही. पण बाराखडी सगळ्यांची असली म्हणून अभंग सगळ्यांचा होत नाही ना. खुद्द लेगो 'आयडियाज' या चाहत्यांकडून डिझाइन मागवणाऱ्या आपल्या योजनेत चाहत्याचं डिझाइन घेते तेव्हा निव्वळ विक्रीचा १ टक्का त्याला देते. ठोकळे ज्याचे आहेत तोच रचणाऱ्याला मानतो, मग गावातल्यांनी का मानू नये.

आता भांडायचं कशावर ते नीट ठरवा, कारण मी बघितलंय की रागाच्या भरात लोक "माझी आयडिया चोरली" असं लिहितात आणि तिथेच प्रकरण ढिलं पडतं. आयडियावर हक्क नसतो, १९७८ मधे आपल्या सुप्रीम कोर्टाने आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट सांगितलंय. तुमचा सगळ्यात पक्का मुद्दा म्हणजे तो फोटो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटो ही कलाकृती आहे, काढला त्या क्षणी हक्क तुमचा, नोंदणी सक्तीची नाही. फरशी तुमची, फ्रॉक तुमच्या पोरीचा, याहून मोठा पुरावा कुठला पाहिजे? मोबाईलमधला मूळ फोटो अजिबात डिलीट करू नका, त्यात तारीख वेळ असते. दुसरा पक्का मुद्दा पीडीएफ, ती चित्रं आणि मजकूर तुमचा. मॉडेलच्या रचनेवर हक्क सांगता येतो पण तिथे वाद घालायला जागा आहे, म्हणून तो मुद्दा तिसरा ठेवा.

त्या विक्रेत्याला मेसेज करणं बंद करा, तो उत्तर देणार नाही. आधी लिंक आणि तारखेसकट स्क्रीनशॉट काढा, डबा मागवणं परवडत असेल तर एक मागवा, बिल जपून ठेवा. मग ज्या ऑनलाइन बाजारात तो विकतोय त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी तक्रार द्या, त्याचं नाव साइटवर देणं बंधनकारक आहे. २०१३ च्या कॉपीराइट नियमांत नियम ७५ आहे, त्यात तुमचं काम कोणतं, ते तुमचं कशावरून आणि नक्कल कुठल्या लिंकवर हे सगळं द्यावं लागतं, मग त्यांनी ३६ तासांत ते बंद करायचं असतं. पण एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही ती मी सांगते, त्या तक्रारीत तुम्हाला लिहून द्यावं लागतं की मी दावा लावीन, आणि २१ दिवसांत कोर्टाचा आदेश दिला नाही तर ते परत चालू करू शकतात. म्हणून तक्रार टाकायच्या आधीच एखाद्या वकिलाशी बोलून ठेवा.

अजून एक बाजू आहे जी माझ्या मते तुमच्यासारख्यांना जास्त कामाची. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांची खेळणी आयएसआय मार्कशिवाय विकता येत नाहीत. तुम्ही मागवलेला डबा उलटा करून बघा, मार्क नसेल तर तो मार्क देणाऱ्या सरकारी संस्थेच्या 'बीआयएस केअर' ॲपवर तक्रार टाका, त्यासाठी डिझाइन कुणाचं हे सिद्ध करायची गरजच पडत नाही.

मोठे नक्कल करणारे सापडतच नाहीत असंही नाही. लेगोच्या सेटची नक्कल विकणाऱ्या चीनच्या 'लेपिन'वर २०१९ ला शांघाय पोलिसांनी धाड घातली आणि २०२० मधे मुख्य माणसाला ६ वर्षं कैद झाली. पण तो निकाल लेगोच्या सेटबद्दलचा होता. लेपिनने छंदी लोकांची मॉडेलंही उचलली होती आणि त्यांच्यामागे कंपनीसारखी वकिलांची फौज नव्हती, म्हणून मी तुम्हाला फोटोपासून सुरू करा म्हणते, ते एकट्या माणसाला झेपतं.

पुढचं मॉडेल? दाखवाच. फक्त जरा तयारीने. पीडीएफच्या प्रत्येक पानावर घेणाऱ्याचं नाव फिकट अक्षरात टाका, म्हणजे फुटली तर कुणाकडून फुटली ते कळेल. आणि मॉडेलच्या पोटात, बाहेरून दिसणार नाही अशा जागी एखादा जांभळा तुकडा विनाकारण बसवा. फोटो बघून नक्कल करणाऱ्याला तो माहीतच नसणार, डब्यात तो निघाला तर समजायचं की पीडीएफच गेलीय. आणि कधी तुम्हीच कारखान्यातून डबे काढायचं ठरवलं तर आधी २००० च्या डिझाइन्स कायद्याखाली नोंदणी करा, ती १० वर्षं आणि पुढे ५ वर्षं चालते, पण ती फोटो जगाला दाखवायच्या आधी करायची असते. नळदुर्गच्या बाबतीत ती वेळ गेली. आणि नोंदणी न करता तुमच्या परवानगीने कारखान्यात ५० च्या वर नग निघाले की त्या डिझाइनवरचा कॉपीराइटही संपतो, हे वहीत लिहून ठेवा.

वहिनींना सांगा, सोडायचं असेल तर तक्रार केल्यावर सोडू. आधी नाही.

प्रश्न : ताई, माझ्या मुलाने नेटवर दुसऱ्याचं रेल्वे इंजिन बघून तसंच ठोकळ्यांचं बनवलं, शाळेच्या प्रदर्शनात पहिला नंबर आला. आता तो विचारतोय मी चोरी केली का. काय सांगू?
— एक आई, परभणी

उत्तर : ताई, घरी बघून बनवणं, शिकणं याला कुणी चोरी म्हणत नाही, सगळे असेच शिकतात. पण त्याला प्रश्न पडलाय तर त्याला गप्प करू नका. एक छोटं कार्ड करायला सांगा, "मूळ डिझाइन यांचं, जोडणी माझी", मॉडेलच्या शेजारी ठेवू द्या आणि बाईंनाही त्यानेच जाऊन सांगू दे. आणि ज्याचं इंजिन आहे त्याला दोन ओळी लिहून फोटो पाठवा, फार बरं वाटतं हो त्या माणसाला.