अमेरिकेत बारावीनंतर थेट मेडिकल : बीएस-एमडीबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न : मुलगी इथे न्यू जर्सीत अकरावीत आहे. मंडळातल्या दोन मुलांना बीएस-एमडीला, म्हणजे कॉलेजची डिग्री (बीएस) आणि डॉक्टरची डिग्री (एमडी, आपल्या एमबीबीएससारखी) दोन्हीची सीट एकदमच देणाऱ्या कोर्सला, ॲडमिशन मिळाल्यापासून आमच्या घरात दुसरा विषयच नाहीये. एकदा सीट मिळाली की एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) नको, पुढचं टेन्शन नको असं सगळे म्हणतात, ते खरं का? सहा, सात आणि आठ वर्षांचे प्रोग्रॅम आहेत त्यातला कुठला बघावा? आम्ही एच-१बी वर (नोकरीच्या व्हिसावर) आहोत, ग्रीन कार्डच्या रांगेत.
— एक आई, एडिसन

उत्तर : ताई, तुमचं शेवटचं वाक्य आधी घेते, कारण सगळं तिथेच अडतं. बहुतेक बीएस-एमडी प्रोग्रॅमना सिटिझनशिप किंवा ग्रीन कार्ड लागतं. मुलगी एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असेल तर ती पहिलीपासून इथल्या शाळेत असली, वर्गात पहिली येत असली तरी बऱ्याच ठिकाणी अर्जच करता येत नाही, आणि २१ पूर्ण झाली की एच-४ संपतो आणि एफ-१ चं, म्हणजे स्टुडंट व्हिसाचं, बघावं लागतं. त्यात फेडरल लोनही (सरकारचं शैक्षणिक कर्ज) मिळत नाही. ब्राऊन युनिव्हर्सिटीचा पीएलएमई नावाचा आठ वर्षांचा असाच प्रोग्रॅम परदेशी मुलांनाही घेतो, पण तिथे निवड इतकी कडक की त्यावर सगळी मदार ठेवू नका. तेव्हा एसे, इंटरव्ह्यू, कन्सल्टंटची फी या सगळ्याच्या आधी कॉलेजांची यादी काढा आणि प्रत्येकाला ईमेल करून स्टेटस चालतं का ते लेखी विचारून घ्या.

आता एमकॅट. काही ठिकाणी खरंच नाही, ब्राऊनला लागत नाही. काही ठिकाणी परीक्षा द्यायची पण ठरावीक मार्कांच्या वर यायचं, आणि जवळजवळ सगळीकडे जीपीए (कॉलेजच्या मार्कांची सरासरी, ४ पैकी) टिकवावा लागतो, साधारण ३.५ किंवा वर. म्हणजे सीट पक्की असते ती अटींवर पक्की, हे मंडळाच्या गणपतीत कुणी सांगत नाही. पहिल्या वर्षी कॉलेजची केमिस्ट्री आणि घरापासून लांब राहणं दोन्ही एकदम येतं आणि दहावीपासून ए-प्लस बघितलेलं पोर बी-मायनस बघून गडबडतं, हे अगदी कॉमन आहे.

वर्षांचं म्हणाल तर इकडची नेहमीची पद्धत ४ अधिक ४, म्हणजे आधी डिग्री मग मेडिकल, मेडिकल शिक्षणावरच्या १९१० च्या फ्लेक्सनर रिपोर्टनंतर मेडिकलच्या आधी कॉलेज हे पक्कं होत गेलं. बीएस-एमडी हा त्यातला शॉर्टकट. कॅन्सस सिटीच्या यूएमकेसीत १९७१ पासून सहा वर्षांचा कोर्स आहे, तिथे मुलं पहिल्या वर्षापासूनच सीनिअर डॉक्टरांच्या हाताखाली गटाने पेशंटजवळ जातात. तुमच्या जवळचं म्हणजे टीसीएनजे आणि न्यूअर्कचं रटगर्स न्यू जर्सी मेडिकल स्कूल यांचा सात वर्षांचा. माझं स्पष्ट मत, वर्षं मोजू नका. एक-दोन वर्षं वाचली म्हणून काय, पुढे रेसिडेन्सी (एमडीनंतरचं हॉस्पिटलमधलं ट्रेनिंग) आहेच, इंटर्नल मेडिसिनला तीन वर्षं, न्यूरोसर्जरीला सात. वर्षांपेक्षा हे विचारा की दुसरीकडे अर्ज केला तर इथली सीट जाते का (ब्राऊनमध्ये जाते), आणि मध्येच मन बदललं तर डिग्री घेऊन बाहेर पडता येतं का. सतरा वर्षांच्या मुलीला मन बदलायची सोय असलेला आठ वर्षांचा कोर्स मी सहा वर्षांच्या घाईपेक्षा कधीही वर ठेवीन.

आणि तयारी म्हणाल तर नुसती रिसर्चची सर्टिफिकेटं जमवू नका. इंटरव्ह्यूला फिरवून फिरवून एकच विचारतात, डॉक्टरच का, नर्स का नाही, पीए (फिजिशियन असिस्टंट) का नाही. न्यू जर्सीत बऱ्याच गावांत फर्स्ट एड स्क्वॉड (गावची ॲम्ब्युलन्स पथकं) असतात, काही ठिकाणी शाळेतली मुलंही घेतात, तिथे जाऊन आजारी माणूस जवळून बघितलेलं असलं की उत्तर पाठ करावं लागत नाही.

प्रश्न : नातू अमेरिकन सिटिझन आहे, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) आहे. एवढ्या भानगडीपेक्षा इकडे येऊन साडेपाच वर्षांत एमबीबीएस करून परत का जाऊ नये?
— एक आजोबा, सांगली

उत्तर : काका, वर्षांचा हिशोब तुमचा बरोबर आहे, पण नीटची परीक्षा त्यालाही द्यावी लागेल, आणि ओसीआय कार्ड ४ मार्च २०२१ नंतरचं असेल तर ॲडमिशनला तो एनआरआय धरला जातो, म्हणजे एनआरआय कोट्याची फी. मग परत जाताना यूएसएमएलई (अमेरिकेतली डॉक्टरच्या लायसन्सची परीक्षा) आणि रेसिडेन्सीचं मॅचिंग, म्हणजे कुणाला कुठल्या हॉस्पिटलात जागा ते ठरणं. इथल्या एमडी कॉलेजच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांपैकी साधारण ९३ टक्क्यांना मॅच मिळतं, परदेशातून शिकून आलेल्या अमेरिकन नागरिकांचं तेच प्रमाण गेल्या काही वर्षांत साठ ते सत्तर टक्क्यांच्या मध्ये आहे. व्हिसाची कटकट नाही हा त्याचा फायदा, तो मोठाच आहे. पण आजीआजोबांजवळ राहायला मिळेल म्हणून हा रस्ता धरू नका, हॉस्टेलवरून तो दिवाळीलाच घरी येईल.

प्रश्न : मला बायोलॉजी आवडतं पण डॉक्टर व्हायचंच असं नाही. आईबाबा म्हणतात फॉर्म भरून तर बघ.
— बारावीतला एक मुलगा, टेक्सास

उत्तर : अरे, मग बीएस-एमडीचा फॉर्म भरू नकोस. साधा बायोलॉजीला जा, प्री-मेडचे (मेडिकलच्या आधी लागणारे) विषय घे, तिसऱ्या वर्षापर्यंत ठरव. आईबाबांना पैशाचं मात्र सांग, जुलै २०२६ पासून नव्या मेडिकल विद्यार्थ्यांना फेडरल लोन वर्षाला ५० हजार डॉलर आणि एकूण दोन लाखांपर्यंतच, आणि बऱ्याच प्रायव्हेट मेडिकल कॉलेजांची नुसती ट्यूशनच वर्षाला साठ हजारांच्या वर आहे. नक्की नसताना एवढं कर्ज कशाला डोक्यावर घेतोस.