डोक्यात तार आणि शर्टाची बटणं

"डोकाले भोक पाडतीन, मंग मी मीच ऱ्हासू का?"

नाना खुर्चीवर बसता बसता हे बोलले, तेही इतक्या बारीक आवाजात की मला दोनदा विचारावं लागलं. पारोळ्याकडचे कापूस पिकवणारे शेतकरी, पार्किन्सन्सला, म्हणजे हातपाय थरथरण्या-आखडण्याच्या मेंदूच्या आजाराला, नऊ वर्षं झालेली (ओळख बदलली आहे). सोबत मुलगा, त्याच्या मांडीवर प्रिंटांची जाड फाईल. महिनाभर रात्री जागून त्यानं डीबीएसबद्दल, म्हणजे मेंदूत बारीक तारा बसवून विजेची स्पंदनं देण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल, मिळेल ते वाचलं होतं. "ताई, यशाचं प्रमाण नक्की किती? आणि हा प्रयोग तर नाही ना?"

प्रयोग नाही. फ्रान्समधल्या ग्रनोबलला अलीम-लुई बेनाबीद यांनी 1987 मध्ये ही वाट दाखवली, अमेरिकेत पार्किन्सन्ससाठी 2002 मध्ये परवानगी मिळाली. पण त्या फाईलीत नानांबद्दल एक ओळ नव्हती. मी म्हटलं, टक्केवारी राहू द्या, आधी वही घाला. गोळी किती वाजता, हात किती वाजता सुटला, पुन्हा केव्हा आखडला.

वही आईंनी लिहिली, नातवाच्या जुन्या चौरेघीत. पंधरा दिवसांनी आणली तेव्हा कळलं, सकाळी सहाची गोळी पावणेसातला लागू पडते आणि नाना शर्टाची बटणं स्वतः लावतात. दुपारची मात्र भाकरी आणि उडदाच्या डाळीबरोबर घेतली की चढायला वेळ लावते. (डाळीतली प्रथिनं लेव्होडोपाची, म्हणजे गोळीतल्या औषधाची, वाट अडवतात. जेवणाआधी अर्धा तास घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारायला सांगितलं.) आवाज मात्र गोळी चढलेली असतानाही तसाच, पुटपुटल्यासारखा.

इथेच मुलाचा चेहरा उतरला. त्याला हवा होता तो आवाज. फोनवर बापाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तो एवढा धडपडत होता. ढोबळ हिशेब असा: जे गोळीनं सुधारतं, तेच तारेनं सुधारतं, आणि ते जास्त वेळ टिकतं. थरथर मात्र गोळीला दाद देत नसली तरी तारेनं थांबू शकते. आवाज, तोल, गिळणं यांना सहसा फायदा नाही. बोलणं कधीकधी आणखी बिघडतं. म्हणून शस्त्रक्रियेआधी रात्रीपासून गोळ्या बंद ठेवून सकाळी तपासतात, मग गोळी देऊन पुन्हा. साधारण 30 टक्के तरी फरक दिसावा लागतो.

नानांच्या प्रश्नाला मी गुळमुळीत उत्तर दिलं नाही. मेंदूत रक्तस्राव, जंतुसंसर्ग हे धोके थोड्या जणांना का होईना, असतात. स्वभावात, मनःस्थितीत फरक पडू शकतो. म्हणूनच आधी स्मरणशक्तीची आणि मनाची तपासणी होते. पण विजेचा जोर कमीजास्त करता येतो, बंदही करता येतो. आजार मात्र बरा होत नाही, पुढे सरकतच राहतो.

"बटनं लागतीन ना दिनभर?" एवढंच त्यांनी विचारलं. वहीवरून तरी तशी आशा ठेवायला हरकत नव्हती.

मग मी तारांना वीज पुरवणाऱ्या, छातीत कातडीखाली बसवायच्या पेटीचं सांगितलं. एक प्रकार काही वर्षांनी छोट्या शस्त्रक्रियेनं बदलावा लागतो, दुसरा जास्त वर्षं चालतो पण घरी अधूनमधून चार्ज करायचा. नानांनी हात हलवला.

"चार्जिंगवाली नको. आमनाकडे वीज रातले बाराले येस."