मणी पडद्यावर झळकतो, कागदावर का विझतो?

प्रश्न : पाच भागांच्या अद्भुत कादंबरीमालेसाठी क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्रं करतेय. भुयारातल्या देवळात निळा मणी चमकतो, असा प्रसंग आहे. पडद्यावर झकास दिसतं. प्रूफ (छपाईआधीचा नमुना) मात्र काळवंडलेलं आलं, मणी जांभळा. छापखान्याचं चुकलं का? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : छापखान्याशी भांडू नका. पडदा स्वतः उजेड फेकतो, कागद पडलेला उजेड परतवतो. तो विजेसारखा निळा छपाईच्या चार शाईंच्या (सायन म्हणजे आकाशी निळा, मजेंटा म्हणजे गडद गुलाबी, पिवळा, काळा) आवाक्यातच नाही. त्यात मजेंटा सायनच्या जवळ गेला की छापताना जांभळा होतो. मजेंटा सायनपेक्षा निदान 30 टक्क्यांनी कमी ठेवा. छापखान्याकडून कलर प्रोफाइल (त्यांच्या शाई-कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) मागून ती क्रितात जोडा आणि कंट्रोल-वाय दाबा, म्हणजे सॉफ्ट प्रूफिंग, अर्थात छापील रंगांचा पडद्यावरच अंदाज, सुरू होईल. पडद्याचा ब्राइटनेसही निम्म्यावर आणा.

पण रंग सुधारून निम्मंच काम होईल. सगळ्यात वर काळ्या रंगानं भरलेला लेयर (थर) टाका, त्याचा ब्लेंडिंग मोड, म्हणजे खालच्या थरांत मिसळायची पद्धत, ‘कलर’ ठेवा. चित्र करडं होईल. त्यात मणी शोधावा लागत असेल, तर दुखणं उजेड-सावलीच्या मांडणीत आहे. भिंती, खांब, धुकं सगळ्यांवर ग्लो (चमक) मारला की मण्यासाठी काही उरतच नाही.

जमलं तर मेच्या सुरुवातीला खिद्रापूरला जा. तिथल्या कोपेश्वराच्या देवळातल्या स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल मोकळं आहे. दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य जवळपास डोक्यावर येतो आणि ऊन खालच्या गोल शिळेवर पडतं. जवळच्या खांबांना शिळेवरून उसळलेला उजेड लागतो, तोही खालून. कोरीव काम तिथंच नीट वाचता येतं. मागचे खांब नुसते आकार. भुयारात हेच करा : तीन छटा, बारकावे फक्त मधल्या छटेत. मण्याचा गाभा जवळपास पांढरा, निळा त्याच्या कडेला. मण्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, तेवढं खांबांना सांभाळा.

पुस्तकातली आतली कृष्णधवल चित्रं मॅपलिथोवर (बिनचकाकीच्या पुस्तकी कागदावर) असतील तर शाई पसरते. सर्वांत गडद छटा 85 टक्क्यांवर थांबवा. पुस्तकाचा डेमी आकार साडेपाच बाय साडेआठ इंच. चारी बाजूंना पाव इंचाच्या निम्मं ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) धरून 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) कॅनव्हास 1725 बाय 2625 पिक्सेल होतो.

प्रश्न : नायिकेच्या डाव्या गालावरचा व्रण तिसऱ्या चित्रात उजवीकडे गेला! (एक वाचक, कागल)

उत्तर : चूक तपासायला चित्र उलटवलंत आणि तसंच सेव्ह केलंत, दुसरं काय! क्रितात एम दाबा. त्यानं फक्त दृश्य उलटतं, फाइल नाही. इमेज मेनूतलं मिरर वापरू नका. शिवाय प्रत्येक पात्राचं समोरून, बाजूनं आणि तिरकं असं एक पान वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. त्यात व्रण कुठल्या गालावर, तलवार कुठल्या हातात, कपड्यांचे पाच-सहा रंग आणि इतरांच्या तुलनेत उंची नोंदवा. जखमा भागागणिक बदलतात, म्हणून शेजारी पान क्रमांकही लिहा.