शंका-समाधान : मरणाच्या तयारीतच असलेल्या पेशी

प्रश्न : सोलापुरात एम.एस्सी. प्राणिशास्त्राचा प्रकल्प करते आहे. उंदराच्या थायमसच्या (छातीतल्या, टी-पेशी घडवणाऱ्या ग्रंथीच्या) पेशींना 5 मायक्रोमोलर ट्रायब्युटिलटिन हे टिनचं विष देऊन 24 तास ठेवलं. विष न घातलेल्या नळीतही निम्म्याच्या आसपास पेशी मेल्या. विषाच्या नळीत तर सगळ्याच, पण जेलवर डीएनएची शिडी नाही, नुसता फराटा. कुठं चुकतंय?

उत्तर : दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या आहेत.

पहिली, विष न घातलेली नळी. थायमसमध्ये जगणं हा अपवाद असतो. तिथं तयार होणाऱ्या टी-पेशींपैकी शेकडा 95 हून जास्त बाहेर पडतच नाहीत. सीडी4 आणि सीडी8 या दोन्ही खुणा अंगावर असलेल्या, अजून कच्च्या पेशींत मरण रोखणारं बीसीएल-2 हे प्रथिन फार कमी असतं. भोवतालच्या पेशींचा ‘थांब, जग’ हा इशारा तुटला, की त्या आपणहून आवरतं घेतात. नळीत तो इशारा कुठून येणार? म्हणून 24 तासांचा हट्ट सोडा, 4 आणि 6 तासांना मोजा. तुलनेला 1 मायक्रोमोलर डेक्सामेथासोनची (या पेशींना हमखास मारणाऱ्या स्टेरॉइडची) एक नळी 6 तास ठेवाच. तिच्यातही शिडी उमटली नाही तर दोष विषाचा नाही, जेलचा.

दुसरी, मात्रा. ट्रायब्युटिलटिन मायटोकाँड्रियातली एटीपी (पेशीचं इंधन) बनवणारी यंत्रणाच अडवतं. 1 मायक्रोमोलरच्या आसपास सायटोक्रोम-सी हे प्रथिन तिथून बाहेर पडतं, कॅस्पेज (पेशीला आतून कापणारी विकरं) जागे होतात, डीएनए साधारण 180-200 जोड्यांच्या तुकड्यांत कापला जातो, तीच शिडी. पण कॅस्पेज जागे करायलाही एटीपी लागतं. 5 मायक्रोमोलरला तेच संपतं, पेशी फुगून फुटते आणि हाती फराटा येतो. मरायलाही ताकद लागते म्हणतात, ते इथं अक्षरशः खरं आहे. 0.1, 0.5, 1, 2 आणि 5 अशा पायऱ्या लावा. कॅस्पेजची खात्री करायची तर एका नळीत विषाच्या अर्धा तास आधी 50 मायक्रोमोलर झेड-व्हॅड (कॅस्पेज रोखणारं रसायन) घाला. मरण घटलं तर वाट अ‍ॅपोप्टोसिसची, म्हणजे पेशीच्या शिस्तशीर आत्मनाशाची.

मात्रा फसते ती बहुधा पेशींच्या द्रवात घातलेल्या सीरममुळे. ते टिनला धरून ठेवतं, म्हणून प्रत्येक खेपेला टक्केवारी एकच हवी. विषाचं मूळ द्रावण इथेनॉलमध्ये, काचेच्या कुपीत करा. प्लॅस्टिकला हे चिकटतं. नळीत इथेनॉल 0.1 टक्क्याच्या वर नको, आणि नुसत्या इथेनॉलची नळीही लावा. मरणाऱ्या पेशी ओळखायला अ‍ॅनेक्सिन हे प्रथिन वापरत असाल, तर त्याला चिकटायला कॅल्शियम लागतं: बफरमध्ये 2.5 मिलिमोलर, कॅल्शियम धरून ठेवणारं ईडीटीए अजिबात नको. 15 मिनिटं अंधारात ठेवून तासाभरात मोजा.

आणि उंदीर. एप्रिलच्या उन्हात गाडीतून आणलेल्या उंदराचं थायमस ताणातल्या कॉर्टिकोस्टेरॉन या संप्रेरकामुळे आधीच आटलेलं असतं. विष द्यायच्या आधीच निम्मं काम झालेलं! आठवडाभर गार खोलीत राहू द्या, 4 ते 6 आठवड्यांचेच घ्या आणि दर वेळी ग्रंथीचं वजन वहीत लिहा. प्राणी नैतिकता समितीच्या मंजुरीत उंदरांची संख्या नमूद असते, या जादा खेपांसाठी ती पुरते का ते आधी बघा.

प्रश्न : टॉवेलच्या कारखान्यात रंगाची पावडर हाताळतो. थायमसची तपासणी करून घ्यावी का?

उत्तर : नको. प्रौढ वयात ही ग्रंथी बरीचशी चरबीची होते. ती तपासून तुमच्या कामाच्या धोक्याचा काहीच अंदाज येणार नाही. रिअ‍ॅक्टिव्ह (सुती धाग्याशी रासायनिक बंध जोडणाऱ्या) रंगाच्या पावडरीनं खरा त्रास होतो तो दम्याचा. सुट्टीच्या दिवशी खोकला, धाप कमी वाटते का, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. पावडर पंख्याखाली मोजू नका, डबा उंचावरून उपडा करू नका. तोंडाला रुमाल पुरत नाही, नीट बसणारा एन-95 मास्क लागतो.