वाचकांचे प्रश्न : लेव्हितान यांचे गुरू साव्रासोव्ह

प्रश्न : रशियन निसर्गचित्रकार इसाक लेव्हितान यांच्याविषयी वाचताना 'त्यांचे गुरू साव्रासोव्ह' असा ओझरता उल्लेख येतो आणि सोबत 'रूक पक्षी परतले' हे एकच चित्र छापलेले असते. त्यात ओला बर्फ, वाकडी झाडे आणि कावळ्यासारखे पक्षी एवढेच दिसते. मग या चित्राचा इतका बोलबाला का?

उत्तर : चित्रात आहे ते खरोखर एवढेच, आणि त्याचे मोलही तेथेच आहे. अलेक्सी साव्रासोव्ह यांचा जन्म १८३० मध्ये मॉस्कोत एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. मॉस्कोच्या चित्र-शिल्प विद्यालयात शिकून १८५४ मध्ये, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी कला अकादमीची 'अकॅडेमिशियन' ही मानाची पदवी मिळवली. त्या काळी निसर्गचित्र म्हटले की इटलीचा किनारा, आल्प्सची शिखरे, नाट्यमय ढग असा थाट रसिकांना अपेक्षित असे. साव्रासोव्हही १८६२ मध्ये लंडनचे जागतिक प्रदर्शन पाहून स्वित्झर्लंडला गेले, आणि तेथील अलेक्झांडर कलाम या चित्रकाराची छाप त्यांच्या कामावर काही काळ स्पष्ट दिसते.

डिसेंबर १८७० मध्ये विद्यालयातील शिक्षकाच्या नोकरीतून रजा घेऊन ते सहकुटुंब व्होल्गाकाठच्या यारोस्लाव्हल शहरी राहायला गेले. तेथे त्यांची नवजात मुलगी दगावली आणि पत्नी गंभीर आजारी पडली. त्यानंतरच्या वसंतात कोस्त्रोमा प्रांतातील मोल्व्हितिनो या गावी केलेल्या अभ्यासचित्रांतून 'रूक पक्षी परतले' साकारले. ते उभ्या आकाराचे आणि तसे लहानच, सुमारे ६२ बाय ४९ सेंटिमीटरचे आहे. पुढच्या बाजूला हडकुळे, वेडेवाकडे बर्च वृक्ष आणि त्यांच्या शेंड्यांवर घरट्यांची लगबग दिसते. खाली मळकट बर्फावर एक रूक, हिवाळा सरताना परतणारा पक्षी, चोचीत काटकी धरून उभा आहे. कुंपणापलीकडे गावचे चर्च आणि त्याच्याही मागे बर्फ वितळू लागलेली सपाट शेते पसरली आहेत. बारकाईने पाहिल्यास बर्फावर झाडांच्या फिकट सावल्या पडलेल्या आढळतात, म्हणजे ढगांआडून ऊन नुकतेच झिरपू लागले आहे. हिवाळा सरत असल्याचे चित्रकार या सावल्यांवरून आणि त्या काटकीवरून सांगतो. त्यासाठी त्याला एकही फूल रंगवावे लागलेले नाही.

१८७१ च्या अखेरीस शहरोशहरी फिरती प्रदर्शने भरवणाऱ्या चित्रकारसंघाचे पहिले प्रदर्शन पीटर्सबर्गमध्ये भरले, त्यात हे चित्र होते. इतरांच्या निसर्गचित्रांत झाडे आहेत, पाणी आहे, हवासुद्धा आहे, पण आत्मा मात्र केवळ या चित्रात आहे, असा अभिप्राय संघातील एक प्रमुख चित्रकार इवान क्राम्स्कोय यांनी एका पत्रात नोंदवला. हे चित्र कलासंग्राहक पावेल त्रेत्याकोव्ह यांनी विकत घेतले आणि आज ते मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे.

प्रश्न : त्यांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले, हे खरे आहे का?

उत्तर : होय. एकापाठोपाठ लहानग्या मुलांचे मृत्यू, पैशांची चणचण आणि वाढत गेलेले दारूचे व्यसन यांनी त्यांचा संसार मोडला. पत्नी मुलींना घेऊन वेगळी राहू लागली. १८८२ मध्ये विद्यालयाने त्यांना सेवेतून कमी केले. पुढे पोटासाठी त्यांनी रूक पक्ष्यांच्या त्याच चित्राच्या अनेक आवृत्त्या काढल्या, आणि मूळ चित्राचा ताजेपणा त्यांत अर्थातच उतरला नाही. १८९७ मध्ये मॉस्कोत त्यांचे निधन झाले. अंत्यविधीला त्रेत्याकोव्ह आणि विद्यालयाचा द्वारपाल एवढेच उपस्थित होते, असे सांगितले जाते.

प्रश्न : शिक्षक म्हणून त्यांची पद्धत कशी होती?

उत्तर : ज्या विद्यालयात ते शिकले, तेथेच १८५७ पासून पंचवीस वर्षे त्यांनी निसर्गचित्रणाचा वर्ग चालवला. उत्तम चित्रांच्या नकला करून हात बसवणे ही तेव्हाची रूढ रीत होती, आणि विद्यार्थिदशेत ते स्वतःही तसेच घडले होते. आपल्या विद्यार्थ्यांना मात्र ते बाहेर पिटाळत. बर्फ वितळू लागला की मॉस्कोच्या सोकोल्निकी भागातील रानात जा, काय बदलले ते पाहा आणि मगच रंगांना हात लावा, असा त्यांचा आग्रह असे. कॉन्स्तान्तिन कोरोव्हिन या त्यांच्या शिष्याच्या आठवणींतून धिप्पाड बांध्याचे, पण मृदू बोलणारे गुरुजी उभे राहतात. चुका दाखवण्यापेक्षा निसर्गाविषयीची ओढ जागी करण्यावर त्यांचा भर होता, आणि माझ्या मते या बाबतीत त्यांचे चित्र आणि त्यांचे शिकवणे यांत मुळीच अंतर नव्हते. कोरोव्हिन आणि लेव्हितान यांच्या शैली एकमेकींपासून पुरेशा दूर आहेत, यावरून गुरूने आपला साचा शिष्यांवर लादला नाही हेही दिसते.

गुरूच्या निधनानंतर लेव्हितान यांनी लिहिलेल्या मृत्युलेखात म्हटले आहे की, रशियन निसर्गचित्रात भावकाव्य आणि मायभूमीवरील अपार प्रेम साव्रासोव्ह यांच्यापासून आले. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, लेव्हितान त्याच विद्यालयात निसर्गचित्रण शिकवू लागले. आणि विद्यार्थ्यांना बाहेर जाणे शक्य नसे तेव्हा त्यांनी कुंड्यांतली झाडेच वर्गात आणवून तेथे छोटेसे रान उभे केले.