मंदी सरली आणि बाजार सावरला, पण तो टिकेल का हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा, की आकडे सुधारले तरी ते सुधारणं टिकाऊ आहे की तात्पुरतं, हे साध्या माणसाने कसं ओळखावं. मी भोसरी एमआयडीसीत गाड्यांच्या सुट्या भागांचं टर्निंग, म्हणजे लेथवर कातकाम, करून देतो. जॉबवर्कचं छोटं शॉप आहे. जे सांगतो ते तिथूनच पाहिलेलं.

मंदी मला आधी भंगारात दिसते. एरवी टर्निंगच्या भंगाराची पिंपं आठवड्यात दोनदा भरायची. 2019 च्या पावसाळ्यात पंधरा दिवस झाले तरी एक पिंप भरेना. शेवटी भंगारवाल्याचाच फोन आला, "शेठ, माल दुसऱ्याला देताय का?" त्या ऑगस्टमध्ये देशातली प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा 31 टक्क्यांहून जास्त घसरली होती.

कारणं बरीच साचली होती. 2018 मध्ये आयएल अँड एफएस या बड्या वित्त कंपनीने हप्ते थकवले आणि फायनान्स कंपन्यांनी हात आखडता घेतला. त्याच वर्षी ट्रकवर जास्त वजन भरायला परवानगी मिळाली, मग जुन्या ट्रकवरच काम भागायला लागलं. बीएस-6 हे धुराचे नवे नियम एप्रिल 2020 पासून येणार म्हणून गिऱ्हाईक थांबलेलं. यावर सप्टेंबर 2019 मध्ये कंपन्यांचा आयकर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला. माझ्या प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्या मालकाच्या, फर्मला तो लागूच नव्हता, आणि माझी मशिनं करामुळे नाही, शेड्यूल, म्हणजे गाडी कंपन्यांकडून येणारी मागणी, नसल्यामुळे बंद होती. मागणी आटलेली असताना नफ्यावरचा कर कमी करून कारखाना हलत नाही, हे माझं ठाम मत आहे.

उलट 2008 च्या मंदीत, वर्षाच्या शेवटी कारखान्यातल्या मालावरचा अबकारी कर 4 टक्क्यांनी उतरला, रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो रेपो दर 9 वरून एप्रिल 2009 पर्यंत 4.75 वर आला, आणि काही महिन्यांत आमच्याकडे ओव्हरटाइम सुरू झाला. वाटलं, सुटलो. पण त्या काळात मोठमोठ्या प्रकल्पांना सढळ हाताने दिलेली कर्जं पुढे अडकली. मार्च 2018 मध्ये बँकांच्या एकूण कर्जांतली 11 टक्क्यांहून जास्त थकीत होती, आणि आमच्यासारख्यांनी दहा लाख मागितले तरी मॅनेजर शंभर कागद मागायचा.

2020 मध्ये एप्रिल ते जून देशाचं उत्पन्न जवळपास 24 टक्क्यांनी आकसलं. सरकारी हमीच्या 3 लाख कोटींच्या योजनेतून मीही कर्ज घेतलं. पोरांचे पगार त्यातूनच झाले, ते उपकार मी विसरणार नाही. पण ऑर्डर कर्जातून येत नाही. वर्षभराची सवलत संपून हप्ते सुरू झाले, तेव्हा स्टीलचे भाव भडकलेले होते आणि माझी बिलं 120-120 दिवस अडकलेली.

म्हणून मी बिल टाकल्यापासून पैसे हातात पडेपर्यंतचे दिवस मोजतो. ऑर्डरी वाढल्या आणि हे दिवसही वाढले, तर समोरचा माझ्या पैशावर धंदा करतोय, ते सावरणं नव्हे. 45 दिवसांत पैसे द्यायचा कायदा 2006 चा, पण त्याला धार आली 1 एप्रिल 2024 पासून. आता लहान उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च आयकरात दाखवता येत नाही. माझी बिलं तेव्हापासून खरोखर लवकर सुटायला लागली.

दुसरी खूण माणसांत दिसते. माझा एक ऑपरेटर लॉकडाऊनमध्ये औशाला गावी गेला. 2021 मध्ये परतला तो एकटाच, कॉट बेसिसवर, म्हणजे भाड्याच्या एका खाटेवर, राहायला. मी विचारलं तर म्हणाला, "दादा, अजून भरवसा नाही." मी त्याला पीएफवर घेतलं, पगार तारखेला द्यायला लागलो. पुढच्या वर्षी त्याने दिघीत खोली घेतली, बायकोला आणलं, आणि जूनमध्ये पोरीचं नाव शाळेत घातलं.