कोटणीसांची चिनी पत्नी मराठी कशी?

प्रश्न : ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ पाहिला. डॉक्टरांच्या चिनी पत्नीचं काम जयश्रीबाईंनी का केलं? खऱ्या बाईंनी हा चित्रपट पाहिला असता तर? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : चित्रपट १९४६चा, चीनमध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करायला गेलेल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवरचा. व्ही. शांताराम स्वतः कोटणीस झाले, तर जयश्री या त्यांच्या पत्नी. घरात नायिका असताना चिनी नटी शोधत कोण फिरेल? (हा आपला माझा तर्क.) मेकअप पाहून आज हसू येतं, ते सोडून देऊ.

खऱ्या बाई, ग्वो छिंगलान, परिचारिकांना शिकवायच्या. १९४१ला लग्न, मग एक मुलगा, आणि ९ डिसेंबर १९४२ला डॉक्टर गेले. वय ३२. अपस्माराचे झटके येत असतानाही शस्त्रक्रिया चालूच होत्या. बाई मात्र २०१२पर्यंत होत्या आणि भारतात येऊनही गेल्या. त्यांच्यावर वेगळा चित्रपट हवा, असं मला फार वाटतं. पडद्यावर त्या निव्वळ नायिका उरल्या.

सोलापूरकर असून भैय्या चौकातलं कोटणीस स्मारक पाहिलं नसेल, तर पुढचा प्रश्न ते पाहून पाठवा.